तिसरी खोड

फार फार जुनी गोष्ट आहे. इतक्या जुन्या काळी मोटारसायकली होत्या का, असं एखादा शहाणा विचारील. गोष्टीत होत्या, एवढं त्याला पुरे.

एका डोंगरावर पाच वाड्या होत्या. अगदी खालच्या वाडीत एक तरुण मुलगी राहायची. ती नुकतीच गुरांची वैद्यकी शिकून आली होती. तिच्या हाताला गुण होता. गाय रवंथ कशी करते एवढं पाहून ती दुखणं ओळखायची. पण डोंगर चढून टोकाच्या वाडीत पोचायला तिला अर्धा दिवस लागायचा, आणि दुखणं काही तिच्यासाठी थांबून राहायचं नाही.

पंच तिला म्हणाले, "सुगीपर्यंत बघतो. हाकेला वेळेवर आलीस तर पाचही वाड्यांची वैद्य तू. नाहीतर शहरातला वैद्य आणून ठेवतो."

लहानपणापासून तिला हेच काम करायचं होतं. दुसरं काही तिच्या मनातही नव्हतं. म्हणून तिने गाडी घ्यायची ठरवली. नवी परवडणारी नव्हती, तेव्हा ती जुन्या वस्तूंच्या बाजारात गेली.

आणि तिथे तिला ती दिसली. काळी, जाडजूड, तिच्याहून वयाने मोठी मोटारसायकल. टाकीला दोन पोचे, सीट फाटलेली, पण उभी अशी ऐटीत की शेजारच्या चकचकीत गाड्या तिच्यापुढे नवशिक्या वाटाव्यात. मुलीच्या छातीत धडधडायला लागलं. ती गाडीभोवती तीनदा फिरली. मनाने तर ती केव्हाच डोंगर चढून गेली होती.

गाडी एका दूधवाल्या आजोबांची होती. आता गुडघे साथ देत नव्हते, म्हणून ते ती विकत होते.

त्या बाजाराची एक रीत होती. जुनी वस्तू विकणाऱ्याने तिच्यावर हात ठेवायचा, तिच्या सगळ्या खोडी सांगायच्या आणि मगच हात काढायचा. घेणाऱ्याने ऐकून मान हलवली की सौदा पक्का.

आजोबांनी हँडलवर हात ठेवला. "पहिली खोड. सकाळी गार असते तेव्हा एका किकमध्ये उठत नाही, रागावू नकोस. दुसरी खोड. हॉर्न तिच्या मर्जीने वाजतो."

मुलीला कुठला धीर. आजोबा तिसरी खोड सांगत होते, तोवर ती सीटवर बसलीसुद्धा. तिने किक मारली आणि गाडी अशी धडधडली की अख्खा बाजार वळून बघायला लागला. आजोबांचे ओठ हलत होते. तिने हसत हसत मान हलवली. आजोबांनी हात काढला.

मग काय विचारता! वारा कानात शिरतोय, वळणामागून वळण मागे पडतंय, शेतातली माणसं हात हलवताहेत. त्या दिवशी तिच्याइतकं सुखी माणूस त्या मुलखात नव्हतं. घरी आल्यावर तिने गाडीला हळदकुंकू लावलं, हँडलला लाल गोंडे बांधले, फाटक्या सीटला नवं कव्हर शिवलं. रोज सकाळी ती टाकी आरशासारखी पुसायची.

गाडी खालच्या बाजूने टक टक करायची. मुलीला वाटायचं, म्हातारी गाडी आहे, तिची ती सवय असेल.

महिनाभराने टोकाच्या वाडीतून निरोप आला. एका काकूंची गाय विताना अडली होती. मुलगी तीरासारखी निघाली. अर्ध्या चढावर खाडकन आवाज झाला आणि गाडी जागच्या जागी थांबली. साखळी तुटून रस्त्यावर पडली होती. ती पिशवी घेऊन धावत सुटली, पण पोचेपर्यंत दुपार टळली होती. गाय वाचली. वासरू गेलं.

काकू एवढंच म्हणाल्या, "गोंडे छान आहेत म्हणे गाडीला."

मुलगी वाटभर रडली. वासरू आपण घालवलं असं तिला वाटत होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी गाडी ढकलत ती भांडायला गेली ती मात्र आजोबांशी.

"तुम्ही मला फसवलंत. साखळीचं सांगितलंच नाहीत."

"तीच तिसरी खोड," आजोबा म्हणाले. "साखळी जुनी आहे, रोज बघ, आठवड्याला तेल दे, असं सांगत होतो. तू किक मारलीस. मान हलवलीस."

तिला बाजारात हलणारे आजोबांचे ओठ आठवले.

"पोरी, गाय काय दुखतंय ते सांगते का तुला?"

"नाही. रोज बघावं लागतं. खाते किती, चालते कशी."

"मग हीसुद्धा मुकीच की. महिनाभर तू तिला सजवलंस. बघितलं कधी?"

त्या दिवशी आजोबांनी तिला जमिनीवर बसवलं. तुटलेली साखळी कशी जोडायची, रॉकेलने कशी धुवायची, तेल कसं सोडायचं, किती सैल ठेवायची, ब्रेकची तार कुठे झिजते, इंजिनाच्या तेलाचा रंग काय सांगतो, सगळं शिकवलं. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले. आणि काय गंमत, तिला बाजारातल्या दिवसापेक्षाही जास्त मजा आली. गाडी आता कुठे तिच्या ओळखीची होत होती. घरी येताच तिने गोंडे सोडून ठेवले, कारण ते ब्रेकच्या तारेत अडकत होते.

सुगी तोंडावर आली. एका सकाळी टोकाच्या वाडीचे एक जावईबापू धोतर सावरत धापा टाकत आले. काकूंचेच जावई. काकूंच्या बैलाचं पोट फुगलं होतं. शहरातला वैद्य संध्याकाळपर्यंत येणार नव्हता, म्हणून नाइलाजाने हिला निरोप.

मुलीने पिशवी गाडीला अडकवली. आणि ती चक्क गाडीशेजारी खाली बसली.

"अहो, तिकडे बैल मरतोय आणि तुम्ही साखळी काय बघताय?" जावईबापूंच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"मरू नये म्हणूनच बघतेय."

साखळीच्या जोडाची पिन निम्मी बाहेर आली होती. तिने ती पक्कडीने दाबून बसवली, ब्रेक दाबून पाहिला आणि म्हणाली, "बसा मागे. घट्ट धरा."

जावईबापूंनी डोळे मिटले ते वाडी आल्यावरच उघडले. ज्या चढावर साखळी तुटली होती, तो गाडीने एका दमात पार केला होता. मुलीने बैलाच्या डाव्या कुशीत नळी घालून वायू मोकळा केला. थोड्या वेळाने बैलाने कान हलवले आणि तो रवंथ करायला लागला.

काकू बैलाच्या गळ्यात हात टाकून उभ्या राहिल्या. मुलीने हात धुतले, पिशवी बांधली आणि उत्साहाच्या भरात ती सरळ सीटवर बसली. तेवढ्यात काकू गाडीच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"पोरी, खाली उतर. उतार आहे. आधी ब्रेक बघ, मग जा. आम्हाला तू उद्याही हवीस."

मुलगी उतरली आणि खाली बसली. तिला ब्रेकची तार नीट दिसायला जरा वेळ लागला, कारण डोळे भरून आले होते. सुगीनंतर पंचांनी पाचही वाड्यांची गुरं तिच्या हाती सोपवली, आणि तसं बोलायला सगळ्यात आधी काकूच उठल्या होत्या.

तात्पर्य: वस्तू विकत घेतल्याने मालकीची होते, पण रोज निगा राखल्यानेच ती आपली होते.