चिंचेचा वास

“येत्या पुनवेला आपली फौज परत…” खालच्या वारुळातलं एवढंच बोरीवरच्या साळुंकीच्या कानी पडलं, तोच बोरीच्या बुंध्याला म्हैस अंग घासू लागली आणि पुढचं राहूनच गेलं. ही फार मागची गोष्ट. बोरीखालच्या मुंग्यांची फौज ओढ्यापलीकडच्या चिंचेवर गेली होती, तिथल्या मुंग्यांना वाळवीपासून वाचवायला. दोन उन्हाळे सरले, लढाई काही सरेना, आणि वारुळात रोज सभा.

“दुसऱ्याच्या झाडापायी आपल्या पोरी का मराव्यात?” एकीचं म्हणणं.

“आता माघारी बोलावल्या, तर मेल्या त्या कशापायी मेल्या?” दुसरीचं.

शेजारीण साळुंकीला दोन्ही पटे. पण बातमी पोटात राहीना. ती थेट चिमा मुंगीकडे गेली. चिमाची लेक कवडी फौजेत होती. “चिमाबाई, गूळ काढून ठेवा. कवडी येतेय.”

पुनवेच्या सकाळी अर्धीच फौज आली. उरलेली चिंचेवर राखणीला ठेवायची, असं सभेत ठरलं होतं म्हणे. कवडी मात्र आली. दारावरच्या पहारेकरणीनं मिशा लावून तिला हुंगलं आणि वाट अडवली. “हिला चिंचेचा वास येतोय. ही आपली नव्हे.”

“आपलीच आहे गं ती,” चिमा म्हणाली, पण हुंगल्यावर तीही क्षणभर मागे सरली. मग गुळाचा खडा ओढत ती उंबऱ्याबाहेर गेली आणि लेकीजवळ बसली.

आत नवी सभा भरली, की आलेल्यांना आलेलं धरायचं का? आपली बातमी खरी ठरली की खोटी, हे फांदीवरच्या साळुंकीलाच कळेना.