राजासाठी राखलेली खोली

फार पूर्वी, राजे पालखीतून फिरायचे आणि तहान लागली की वाटेतल्या कुठल्याही गावी उतरायचे, तेव्हाची ही गोष्ट आहे. नदीकाठच्या एका गावात एक कासार राहत होता. बाईचा हात नुसता लांबून पाहून तो बांगडीचं माप सांगायचा आणि ते कधी चुकायचं नाही. स्वतःच्या घराचं माप मात्र त्याला काही केल्या जमत नव्हतं.

घर तसं लहान नव्हतं, पण घरात राहायला जागा नव्हती. एका खोलीत चूल, जातं आणि पाण्याचे हंडे. दुसरीत अंथरुणं, धान्याची पोती आणि बांगड्यांच्या पेट्या. रात्री कासारणीने कूस बदलली तरी एखादी पेटी हलायची आणि सकाळी दोन-चार बांगड्या तुकडे होऊन पडलेल्या असायच्या. बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. कासारीण म्हणायची, "या घरात बांगड्या तेवढ्या वाढतात, जागा नाही वाढत."

आता तुम्ही विचाराल, तिसरी खोली नव्हती का? होती. घरातली सगळ्यात मोठी खोली तीच. नदीकडची, वाऱ्याची. पण तिला कुलूप होतं, कारण ती राजाची खोली होती.

त्याचं असं झालं होतं. कासाराच्या आजोबांच्या वेळी एक राजा या गावात उतरला. त्याला बसवायला चांगली जागा शोधत गावकरी घरोघर धावले. एका घरात पोती, दुसऱ्यात पाळणा, तिसऱ्यात आजारी माणूस. शेवटी एक नीट जागा सापडली तोवर राजा निघून गेला होता. गावाचं नाक कापलं गेलं. तेव्हा जाणत्या मंडळींनी ठरवलं की यापुढे प्रत्येकाने आपली सगळ्यात चांगली खोली राजासाठी राखायची. पलंग, गादी, लोड, गालिचा मांडून कुलूप लावायचं. राजा येईपर्यंत ते उघडायचं नाही, राजाच्या गादीला कुणी हात लावायचा नाही. आजोबा गेले, वडील गेले, राजा काही आला नाही. तरी सगळा गाव घरातली चांगली खोली बंद ठेवून उरलेल्या घरात अंग चोरून राहत होता, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

त्या वर्षी कासाराच्या लेकीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. कासारणीने डिंक आणला, मऊ जुनी लुगडी फाडून दुपटी शिवली, आणि मग दोन्ही खोल्यांत उभी राहून तिने चारी बाजूंना पाहिलं.

"अहो, बाळंतिणीची खाट कुठे टाकायची? आणि शेगडी? आणि पाळणा?"

"होईल जागा," कासार म्हणाला. "डोकं लावलं की जागा होते."

आणि डोकं त्याच्याकडे होतं, यात शंका नाही. त्याने धुराने काळ्या झालेल्या भिंतींना चुना दिला, तर खोल्या एकदम उजळल्या. बांगड्यांच्या पेट्या त्याने दोरांनी आढ्याला टांगल्या. खाली जमीन दिसू लागली, फक्त उंच माणसाने वाकून चालायचं. मग त्याने झरोका फोडून मोठी खिडकी केली. ती शेजाऱ्याच्या गोठ्यावर उघडत असल्यामुळे उजेडाबरोबर शेजाऱ्याची म्हैसही आत डोकावू लागली. शेवटी त्याने जत्रेतून एक पुरुषभर उंचीचा आरसा आणला आणि खिडकीसमोर भिंतीला लावला. खोलीच्या दोन खोल्या झाल्या. म्हशीही दोन झाल्या.

गाव बघायला लोटलं. "घर केवढं मोठं वाटतंय!" जो तो म्हणे, आणि कासार मिशीवरून हात फिरवी.

"मोठं वाटतंय खरं," कासारीण म्हणाली. "पण नुसत्या वाटण्यावर पाय पसरता येत नाहीत."

लेकीला घेऊन विहीणबाई जागा बघायला आल्या. बाई पलीकडच्या गावच्या, तोंडाने फटकळ, पण सुनेला फुलासारखं जपणाऱ्या. पांढऱ्या भिंती पाहून त्यांनी मान डोलावली. "आणि ही पलीकडची खोली बाळंतिणीची वाटतं? छान ऐसपैस आहे." असं म्हणत त्या ऐटीत पुढे गेल्या आणि त्यांचं कपाळ आरशावर आपटलं.

कासारणीने पदर तोंडाला लावला. विहीणबाईंना मात्र हसू आलं नाही. कपाळ चोळत त्यांनी विचारलं, "व्याहीबुवा, माझी सून काचेतल्या खोलीत बाळंत व्हायची का?"

कासार आरशाला तडा गेला का ते पाहू लागला. तेवढ्यात विहीणबाईंची नजर कुलपाकडे गेली. "हे दार कसलं?"

"ती राजाची खोली."

"राजा तुमचा कोण?"

"कोण म्हणजे? राजा आहे तो!"

"म्हणजे नात्याचा ना गोत्याचा. कधी आला होता?"

"अजून नाही आला."

विहीणबाईंनी एकदा कुलपाकडे आणि एकदा सुनेच्या पोटाकडे पाहिलं. "न आलेल्या पाहुण्याला खोली आहे आणि येणाऱ्या नातवंडाला नाही. बाळंतपण आमच्याकडेच होईल, व्याहीबुवा. जागा झाली तर निरोप पाठवा."

लेक गाडीत बसता बसता म्हणाली, "आबा, मी आढ्याला टांगलेल्या पेटीत झोपले असते." ती हसत म्हणाली, पण तिचे डोळे भरले होते. गाडी दिसेनाशी झाली तरी कासार दारात उभा राहिला. एवढी डोकेबाज कामं केली आणि लेक परत गेली, हे त्याला फार लागलं.

कासारीण त्याच्याशी भांडली नाही. तिने बोलणंच सोडलं. जेवण वाढायची, ताट सरकवायची आणि शिवलेली दुपटी घड्या मोडून पुन्हा घालत बसायची. भांडण परवडतं, पण हे कासाराला सोसेना. एका सकाळी त्याने खुंटीवरची किल्ली काढली आणि तो राजाच्या दारापाशी गेला.

नेमकी त्याच वेळी गावात दवंडी पिटली. "ऐका हो ऐका! पौर्णिमेला राजेसाहेब आपल्या गावावरून जाणार आहेत! ज्यांची खोली उत्तम, त्यांच्या घरी उतरतील हो!"

कासाराने किल्ली परत खुंटीला लावली. तीन पिढ्या ज्याची वाट पाहिली तो आता येणार, आणि आपण आठ दिवसांसाठी हावरटपणा करायचा? लोक शेण घालतील तोंडात. "राजा येऊन जाऊ दे, मग पाहू," तो बायकोला म्हणाला.

"बाळाला सांगा तसं, थांब म्हणावं," ती म्हणाली. इतक्या दिवसांत ती एवढंच बोलली.

पौर्णिमेला गावात तोरणं लागली. पाटलांनी वाजंत्री बोलावली. कासार नवं पागोटं बांधून ओट्यावर उभा होता. तेवढ्यात धूळ उडवत एक बैलगाडी आली, आणि ती राजाची नव्हती. गाडीतून विहीणबाई उतरल्या.

"तुमची लेक माहेर माहेर करून अन्नाला शिवेना," त्या घाईघाईने म्हणाल्या. "म्हटलं, दोन दिवस आईचं तोंड पाहू दे. तर वाटेतच पोटात दुखायला लागलं. आता बोलत काय बसलात? हिला आत घ्या."

लेकीला आत आणलं. ती वाकून पेट्यांखालून चालली, आरशाला धरून थांबली आणि चुलीजवळ मटकन बसली. आडवं व्हायला जागा नव्हती. वेशीवर वाजंत्री वाजू लागली. पाटील ओरडत रस्त्याने गेले, "पालखी नदीपाशी आली रे! आपापली दारं उघडा!"

कासार किल्ली हातात घेऊन उभा राहिला. एका कानाने त्याला वाजंत्री ऐकू येत होती आणि दुसऱ्याने लेकीचं कण्हणं. आजोबा आठवले, वडील आठवले, गावाचं कापलेलं नाक आठवलं. मग लेकीने "आई गं" म्हणून हाक मारली आणि त्याला बाकीचं काही आठवेनासं झालं. त्याने कुलूप काढलं.

"आणा तिला इकडे," तो म्हणाला. "राजाला कुठेही जागा मिळेल."

आत कुबट वास भरला होता. त्याने नदीकडची खिडकी उघडली आणि उजेडात सगळे पाहतच राहिले. गालिचा उचलायला गेले तर त्याचा चुरा हातात आला. पलंगाचे पाय वाळवीने पोखरले होते. आणि ज्या गादीला तीन पिढ्यांत कुणी हात लावला नव्हता, तिच्या मधोमध कापसाच्या पुंजक्यात एक उंदरीण आपली गुलाबी पिल्लं घेऊन निवांत पडली होती.

विहीणबाईंनी कमरेवर हात ठेवले. "म्हणजे इथे एक बाळंतपण आधीच झालंय. मग जागा चांगलीच असणार."

त्या घाईतही कासारीण हसली. नवऱ्यासमोर ती किती तरी दिवसांनी हसली होती. गादी, पलंग, गालिचा सगळं मागच्या दाराने परसात गेलं. जमीन झाडली, खाट आली, शेगडी पेटली. नदीवरचा वारा तिन्ही खोल्यांतून खेळू लागला आणि आढ्याच्या पेट्यांतल्या बांगड्या किणकिणल्या. चुना, खिडकी आणि आरसा मिळून जे जमलं नव्हतं ते एका किल्लीने झालं होतं. कासाराला ते दिसलं, आणि तो बाहेर ओट्यावर जाऊन खाली मान घालून बसला.

तिकडे पाटलांनी राजाला वाजतगाजत आपल्या घरी नेलं. राजा पलंगावर टेकला, पलंग कडाडला आणि राजा जमिनीवर आला. पाटलांनी हात जोडून त्याला शेजारच्या घरी नेलं. तिथे लोडातून धूळ उडाली आणि राजाला शिंका आवरेनात. तिसऱ्या घरी कुलूपच गंजलं होतं, ते उघडेना. असं करत करत घामाघूम झालेले पाटील राजाला घेऊन कासाराच्या ओट्याशी आले.

"कासारा, तुझी खोली उघड! लवकर!"

"उघडली आहे, पाटील. पण आत पाहुणा उतरलाय."

"पाहुणा? आज? राजेसाहेबांहून मोठा असा कोण पाहुणा आला रे?"

त्याच वेळी आतून टँहँ टँहँ ऐकू आलं. कासार उठून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. त्याने कोपरापासून बोटांपर्यंत हात दाखवला. "एवढा असेल. आत्ताच आला."

पाटलांचा चेहरा उतरला. राजा मात्र कासाराच्या ओट्यावर सरळ बसला आणि म्हणाला, "मला पाणी मिळेल का?"

"महाराज, या घरात आता सोयर आहे, इथलं पाणी..." पाटील पुटपुटले.

"तहानेला सोयर कळत नाही," राजा म्हणाला. विहीणबाईंनी तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा आणून दिला. राजा घटाघटा पाणी प्याला. तांब्या खाली ठेवत तो म्हणाला, "आमच्या आजोबांना या गावात पाणी मिळालं नव्हतं, असं ते सांगायचे. सगळे लोक म्हणे कसल्या तरी शोधात धावत होते. कशाच्या, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही."

राजा घटकाभर वाऱ्याला बसला, बाळाला आशीर्वाद दिला आणि पालखीत बसून निघून गेला. सोन्याचं कडं वगैरे काही दिलं नाही. राजे काही दर वेळी देत नाहीत.

त्यानंतर गावातल्या काही घरांची कुलपं निघाली. पाटलांनी मात्र नवा पलंग करवून घेतला, नवं कुलूप आणलं आणि खोली पुन्हा बंद केली. राजा परत आला तर तयारी हवी, असं ते म्हणत.

कासाराने आरसा उतरवून ओट्यावर ठेवला, म्हणजे बांगड्या भरायला आलेल्या मुलींना आपले हात बघता येतील. लेक दर सणाला माहेरी येऊ लागली. नातू दुडूदुडू चालायला लागला, मग बोलायला लागला. एकदा त्याला खुंटीवर ती जुनी किल्ली दिसली.

"आजोबा, ही कुणाच्या खोलीची?"

"मोठ्या पाहुण्याच्या."

"मग तो आला का?"

"आला की," कासार म्हणाला. "आम्हाला वाटलं होतं, तो उंच पागोटं घालून येईल, आणि तो आला तेव्हा त्याला दुपट्यात गुंडाळावं लागलं."

नातवाला काही कळलं नाही. तो त्या खोलीभर धावत सुटला, आणि धावायला तिथे भरपूर जागा होती.

तात्पर्य: जो येईल की नाही ठाऊक नाही, त्याच्यासाठी घरातली चांगली जागा अडवून ठेवली, तर जे खरोखर येणार आहेत त्यांना दारातून परतावं लागतं.