शितळा गल्लीचे लुगडे

पोरांनो, चपला काढा. घाबरू नका, पाय भाजणार नाहीत. बाहेरच्या चौकात तुमची ती उष्णता मोजायची यंत्रे हातात धरवत नव्हती, आणि इथे वैशाखातल्या भर दुपारी फरशी कशी गार लागते बघा. दोन्ही बाजूंची घरे वरच्या मजल्यावर पुढे आलेली, मधे एक बैलगाडी जाईल एवढीच वाट. अख्ख्या गल्लीत ऊन जमिनीला टेकते ते एकाच जागी, माझ्या आणि समोरच्या ताथोडांच्या दारांच्या मधे. ती जागा मुद्दाम उघडी ठेवलेली आहे. मी उद्धव गावंडे, जन्म इथलाच. आजोबांनी सांगितले तसे सांगतो.

फार पूर्वी आमच्या धामणपेठेत मोठी आग लागली, असे सांगतात. गवताची छपरे, घराला घर खेटलेले. एका दुपारीत सगळी पेठ राख झाली. लोकांनी असा धसका घेतला की पुन्हा बांधताना रस्ता चांगला रुंद आणि सरळ ठेवला, झाडही उभे राहू दिले नाही. इकडची ज्वाळा तिकडे पोचायला नको! आगीची भीती गेली, पण वैशाख आला तसा रस्ता तव्यासारखा तापला. दुपारी चिटपाखरू बाहेर पडेना.

त्या पेठेत भिवराबाई नावाची म्हातारी होती. आगीत तिचे सगळे गेले, उरली एक नात. पोर धुरात अडकलेली असताना म्हातारीने शितळामाईला नवस बोलला होता, म्हणे. पोर वाचली तर वैशाखातल्या दर मंगळवारी, भर दुपारी, अनवाणी येऊन तुझ्यावर पाणी घालीन. विहीर रस्त्याच्या या टोकाला, देऊळ त्या टोकाला. पहिल्याच मंगळवारी तिचे तळवे सोलून निघाले. पहाटे जात जा, देवी काही रागावणार नाही, असे सगळ्यांनी विनवले.

"नातीचा जीव म्या भर दुपारी मांगतला," ती म्हणाली. "मंग पहाटे कशी जाऊ?"

पुढच्या मंगळवारी फडके बांधलेल्या पायांनी ती घागर घेऊन निघाली. फडकेसुद्धा विहिरीवर सोडून आली, कारण नवस अनवाणी होता. रंगाऱ्याच्या सुनेला ते बघवले नाही. तिने छपरावर वाळत घातलेले लुगडे ओढून समोरच्या घरी फेकले, तिथल्या बाईने टोक झेलून बांधून टाकले. ते पाहून पुढच्या घराने तेच केले, मग त्याच्या पुढच्याने. म्हातारी सावलीसावलीने चालू लागली.

पण मध्यावर राघोजी आणि भानजी या सख्ख्या भावांची घरे समोरासमोर होती. आगीत भानजीने आपले बैल सोडवले, राघोजीचे गोठ्यात राहिले. तेव्हापासून बोलणे बंद. त्यांच्या मधले ऊन तसेच मोकळे पडलेले. म्हातारी त्यात शिरली आणि चार पावलांत गुडघ्यांवर आली. घागर तेवढी सुटू दिली नाही. नात रडत तिला ओढू लागली.

राघोजी धावत ओट्यावर आला, घरातले लुगडे समोर फेकले. ते भानजीच्या पायाशी धुळीत पडले. भानजी बघत राहिला. ज्याचे तोंड बघायचे नाही, त्याच्या घरचे कापड उचलायचे कसे?

"बोलू नको त्याच्यासंगं," म्हातारी खालूनच म्हणाली. "निस्तं टोक धर बापा."

भानजीने टोक उचलले. बांधायला धड खुंटी नव्हती, म्हणून दोघे भाऊ हातात टोके धरून, स्वतः उन्हात, समोरासमोर उभे राहिले. म्हातारी सावलीत उठली, देवीला पाणी घालून परत आली, तोवर दोघांनी हात खाली केले नाहीत. तेव्हा ते बोलले का? गल्लीत यावर अजून वाद होतात. आजोबा म्हणायचे, नाही बोलले.

त्यानंतर पेठेने गवताची छपरे सोडून मातीची धाबी घातली आणि घरे पुन्हा जवळ घेतली. कोणी सज्जा काढला, कोणी लिंब लावला. त्या दोघा भावांच्या दारांमधली एवढीच जागा आठवणीसाठी उघडी ठेवली. आजही नवी भिंत उभारणारा आधी समोरच्याला विचारतो, माझी सावली तुझ्या दारापर्यंत येईल ना? आजही वैशाखातल्या मंगळवारी देवीला पाणी घालायला जाणाऱ्या बायांवर इथे समोरासमोरची दोन घरे लुगडे हातानेच धरतात, खुंटीला बांधत नाहीत.

आता ताथोडांचे सांगतो. त्यांची मोटारसायकल माझ्या ओट्यासमोर उभी असते, त्यावरून आमचे बोलणे बंद आहे. गेल्या वैशाखात माझी सूनबाई दवाखान्यातून तान्ह्या नातीला घेऊन आली. दिवस मंगळवार नव्हता. ऑटो गल्लीच्या तोंडाशी थांबला आणि ती पायी येऊ लागली. मी दार उघडले, तर ताथोड आधीच बायकोचे लुगडे घेऊन उन्हात उभे! माझ्याकडे न बघता त्यांनी टोक फेकले, मी झेलले, आणि माझी नात सावलीतून घरात आली.

मोटारसायकल अजून तिथेच आहे, ही काय. त्यांचे उपकार मात्र मी या जन्मी विसरणार नाही. आज मंगळवार आहे, बारा वाजत आलेत. सरका जरा, ते बाहेर येतील.