आमदारांची सीट

गारखिंडला दिवसातून एकच एसटी यायची. आत माणसं एकमेकांच्या अंगावर रेलून उभी असायची, पण एका सीटवर कुणी बसत नसे. तिच्यावर रंगवलं होतं, ‘आमदार’.

दुसरी गाडी मागून मागून गाव थकलं. आमदार घोरतळे दर वेळी म्हणत, “निधी नाही हो!” मग एके सकाळी हार विकायला तालुक्याला निघालेल्या सरूआक्कांनी त्या सीटवर आमदारांचा फोटो ठेवला आणि त्याला झेंडूचा हार घातला.

झालं! वाटेत चढणारा जो तो टोपी काढून हळहळू लागला, “अरेरे, कधी गेले?” गाडी तालुक्याला पोचेपर्यंत आमदारांच्या सासुरवाडीची माणसं रडत निघालीसुद्धा.

परतीच्या वेळी घोरतळे लालबुंद होऊन तालुक्याच्या स्टँडवर हजर. “आक्का, मी चांगला धडधाकट आहे! फोटोला हार का घातला?”

“आम्हाला काय ठाऊक, साहेब?” आक्का म्हणाल्या. “आम्ही म्हटलं, जिवंत पुढारी आपली सीट अशी रिकामी सोडेल होय?”

अख्खा स्टँड हसला.

“आधी तो हार काढा!”

“काढते की. पण तो नव्या गाडीलाच घालीन. तोवर राहू दे तुमच्या फोटोला.”

हार सुकायच्या आत निधी सापडला. नव्या गाडीच्या पहिल्या फेरीला घोरतळे स्वतः तिच्यातल्या ‘आमदार’ सीटवर बसून आले, आणि गावोगावी खिडकीतून हात हलवत राहिले, सगळ्यांना नीट दिसेल असा.