सुईणीची वही आणि एकेचाळीस लेकरं

कोणे एके काळी म्हणावं इतकी जुनी ही गोष्ट. ज्या राज्यात घडली, त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही.

त्या राज्यात तान्ह्या पोरांचा ताप शिरला. दोन वर्षांखालचं पोर तापलं की आईच्या तोंडचं पाणीच पळायचं. राजवैद्यानं उतारा काढला खरा, पण तो काढा तिसऱ्या दिवशी सूर्य मावळला की आंबायचा. वनस्पती होती थोडी, त्यामुळे मापून, एका पोराला एक अशा बांबूच्या नळ्या भरायच्या होत्या.

राजानं विचारलं, "कुठल्या गावाला किती नळ्या धाडायच्या?"

प्रधान म्हणाला, "घरोघर माणसं पाठवून पोरं मोजू या."

"तोवर ताप थांबणार आहे होय?" दप्तरदार पुढे झाला. मोठा हुशार माणूस, आणि आपण हुशार आहोत हे त्याला चांगलंच ठाऊक. "महाराज, उंबरे कशाला झिजवायचे? बाळ जन्मलं की बाळंतिणीला आपल्याकडून साडी-नारळ जातो. त्यासाठी गावोगावच्या सुईणी जन्म लिहून पाठवतात. त्या वह्या दप्तरात आहेत. त्यातून गेलेली लेकरं वजा केली की झालं."

आणि खरंच, एका सकाळीत त्यानं आकडे काढले. खालच्या पेठेत नव्वद, वरच्या माथेगावात अकरा. राजा खूश झाला. नळ्या भरल्या, बैल निघाले.

माथेगावाच्या अकरा नळ्या मात्र दप्तरदारानं स्वतःच्या झोळीत घेतल्या. त्याची लेक सगुणा त्याच गावी दिलेली होती आणि तिच्या कडेवर दहा महिन्यांची तारा होती. नातीला आपल्या हातानं औषध पाजावं, एवढीच त्याची हौस.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो घाट चढून वर पोचला आणि चावडीपुढची रांग बघून जागीच थबकला. अहो, अकरा कुठली? तब्बल एकेचाळीस बाया पोरं घेऊन उभ्या होत्या! ओढ्यापलीकडच्या वाडीत काल ताप आल्याची बातमीही तिथंच कळली.

त्यानं वाटायला सुरुवात केली. दहा नळ्या गेल्या. अकरावी हातात होती, समोर एक परकी बाई होती आणि तिच्या मागे सगुणा. तारानं आजोबांकडे बघून हात पसरले. दप्तरदारानं नळी मागे सरकवली असती तर कोण बोलणार होतं? पण पाळी त्या बाईची होती. त्यानं डोळे मिटून नळी तिला दिली.

"संपल्या," तो म्हणाला.

रांगेत एकच कालवा उठला. पाटील गरजला, "आमची पोरं काय माणसांची नाहीत? राजानं मोजली नाहीत?"

"मोजली!" दप्तरदारानं यादी उघडली. "वहीत अकराच जन्म आहेत."

सगुणा हळूच म्हणाली, "बाबा, तारा कुठं जन्मली?"

"कुठं म्हणजे? पेठेत, आपल्या घरात."

"मग साडी-नारळ कुठं आला?"

दप्तरदाराच्या पायाखालची जमीनच सरकली. पहिलं बाळंतपण माहेरी! माथ्यावरच्या बहुतेक सुना पेठेच्या लेकी. त्या खाली जाऊन बाळंत झाल्या, सुईणीनं तिथं लिहिलं आणि तीन महिन्यांनी पोरं घेऊन सासरी आल्या. ह्यांच्या वाटणीच्या नळ्या पेठेत पडून होत्या! सुईणीनं बाळंतपणं लिहिली होती, पोरं कुठं नांदतात ते नाही. आणि ते तिला त्यानं कधी विचारलंही नव्हतं.

मग म्हातारा धावला. घाट उतरताना पागोटं पडलं, गुडघे फुटले, त्याला भान नव्हतं. भर दुपारी पेठेत पोचला तर तिथला कारभारी हसत म्हणाला, "या या! तीस नळ्या उरल्या हो. चौघींनी हट्टानं दुसरी नेली, म्हटलं जाऊ द्या."

"पाजल्या?"

"कधीच्याच!"

उरलेल्या सव्वीस घेऊन तो माघारी चढला. पेठेतले चार गडी आलटूनपालटून त्याला हात देत होते. सूर्य डोंगराला टेकायला आला होता. चावडीपुढे तीस बाया तशाच उभ्या होत्या, पण सगुणा आता रांगेत सगळ्यांच्या मागे होती.

"अगं, तू पुढे होतीस ना?" त्यानं विचारलं.

"चूक माझ्या बापाची आहे," ती म्हणाली. "माझी पोर शेवटी."

सव्विसावी नळी सगुणेच्या चार पावलं पुढे संपली. दप्तरदार तिथंच मातीत बसला आणि पोरासारखा रडला.

त्या आठवड्यात नळी न मिळालेली चारही लेकरं तापली. देवाची कृपा, चारही वाचली. पण तापानं ताराचे कान नेले.

दप्तरदार भर दरबारात उभा राहिला. राजानं विचारलं, "सुईणीनं खोटं लिहिलं होतं का?"

"नाही महाराज. तिचं अक्षरन् अक्षर खरं होतं. मीच तिच्या वहीला भलतं विचारलं." त्याच्याच विनंतीवरून हुकूम निघाला. वही कुठलीही असो, तिच्यावरून मोजण्याआधी लिहिणाऱ्याला भेटायचं, ती कशासाठी लिहिली ते विचारायचं, आणि निदान दहा घरं पायी जाऊन पडताळायची. त्यानंतर त्या राज्यात वह्यांवरूनच मोजणी झाली आणि ती बरोबर झाली.

तारा मोठी झाली, अंगणात खेळू लागली. आजोबा ओट्यावरून हाक मारत. पोर वळून बघत नसे. मग म्हातारा उठायचा आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहायचा.

तात्पर्य : नोंद खरी असली तरी ती कशासाठी केली हे विचारल्यावाचून तिच्यावरून माणसं मोजू नयेत.