हात तेवढे पाठवले

आभाळात चांदण्यांच्या जोडीला माणसांनी सोडलेले उपग्रह फिरू लागले आणि फोनवरची चालती चित्रं इकडून तिकडे पोहोचवू लागले, त्या सुरुवातीच्या काळातली ही गोष्ट. एकाच वाटेवर दोन उपग्रह एकामागे एक फिरत. आलेलं चित्र वाटेतच हलकं करायची विद्या माणसांनी दोघांनाही दिली होती. थोरल्याने ती कधी वापरली नाही. आलेलं जसंच्या तसं पोहोचवायचं, याचा त्याला फार अभिमान.

एकदा एका बेटावर कोळ्याच्या मांडीला कोयत्याचा खोल घाव बसला. रक्त थांबेना. आरोग्यसेविका कुंदाताईंनी शहरातल्या डॉक्टरीणबाईंना फोनवर गाठलं. बाई पट्टी आवळून दाखवू लागल्या. थोरल्याने ते चित्र अख्खं खाली सोडलं. पण बेटावर ढग दाटले होते, चित्र खाली उतरायची वाट अरुंद झाली होती. कुंदाताईंच्या फोनवर बाईंचा हात अर्ध्यातच थिजला.

"दादा, थोडं हलकं करून पाठव ना!" मागून धाकटा कळवळला.

"दुसऱ्याच्या ठेवीला हात लावू? माझ्याच्याने नाही व्हायचं."

एवढ्यात थोरला पुढे सरकला आणि बेट धाकट्याच्या टप्प्यात आलं. त्याने वाटेचा अंदाज घेतला. रंग काढले, भिंत काढली, बाईंचा चेहराही काढला. करडे दोन हात आणि आवाज तेवढा खाली सोडला. कुंदाताईंनी बघत बघत पट्टी आवळली. रक्त थांबलं.

"चेहरासुद्धा कापलास?" थोरल्याने विचारलं.

"तिथे हात हवे होते, दादा."

 थोरल्यापाशी ते चित्र अजून जसंच्या तसं होतं, बाईंच्या मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरासकट. ते कुणालाच पोहोचलं नव्हतं.