वळणावरची मोगरी

दोष केशवगिरी महाराजांचा होता. गावात हे कुणी म्हणणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं.

"मग खोटं कोण बोलतंय, महाराज? माझं यंत्र की माझा बाप?"

महाराज मठाच्या आडावर होते. उघडेबंब, कमरेला भगवं. कप्पीवरून दोर खाली सोडत होते. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"बस," ते म्हणाले.

हेमराज बसला नाही.

हेमराज म्हणजे देवचंद सुताराचा मुलगा, पुण्याहून मोठी पदवी घेऊन आलेला. देवचंद गावच्या रथाला मोगरी लावतो. मोगरी म्हणजे लाकडाची पाचर. रथाला ना ब्रेक, ना सुकाणू. शेकडो माणसं दोन बाजूंनी दोर ओढतात, आणि चालत्या चाकाखाली नेमक्या क्षणी मोगरी सारून तो वळवावा लागतो. हा मान देवचंदच्या घरात बापजाद्यांपासूनचा.

हेमराजने या रथासाठी ग्राफ न्यूरल नेटवर्क बनवलं होतं. चाक, आस, दोराचा एकेक टप्पा, ओढणाऱ्यांची एकेक रांग, या सगळ्या त्याच्या हिशेबी गाठी. ज्याचा ज्याला हिसका बसतो, त्या दोन गाठींमध्ये एक धागा. प्रत्येक गाठ आपल्यावर काय बेतलं ते शेजारणीला कळवते, ती पुढच्या शेजारणीला. या कुजबुजीतून यंत्र ओळखतं की पुढच्या क्षणी रथ कुठे असेल आणि कुठल्या चाकाला मोगरी हवी. मैदानात रिकामा रथ ओढून ओढून त्याने ते शिकवलं होतं. मैदानात ते चुकलं नाही.

एरवी रथ पेठेतल्या, मठाच्या मूळपुरुषाच्या समाधीपाशी थांबतो, मग वळतो. हेमराज म्हणाला, थांबायची गरज नाही, चालता रथ वळवून दाखवतो. महाराजांनी मान डोलावली होती.

उत्सवाआधीच्या चाचणीला देवचंदने कानात इअरफोन घालून पोराचा आवाज घेतला आणि तो सांगेल तशी मोगरी सारली. समाधीपाशी रथ डावीकडे सुटला आणि एका ओसरीवर चढला. माणसं वाचली. रथाच्या लाकडी घोड्याची मान तुटली.

मग सभा. हेमराजने पडद्यावर दाखवलं की उजवी मोगरी वेळेवर पडली असती तर रथ डावीकडे जाणं शक्यच नव्हतं. म्हणजे ती उशिरा पडली. आणि मुद्दाम उशिरा सारली, कारण यंत्र आलं की यांचा मान जाणार. बापाला तो सगळ्यांदेखत 'हे गृहस्थ' म्हणाला.

देवचंद एवढंच बोलला, की तू सांगितलंस तेव्हाच सारली.

समितीतल्या म्हाताऱ्यांनी नेहमीचंच केलं, निर्णय महाराजांवर ढकलला. महाराज म्हणतील तर मोगरी देवचंदच्या घरात राहील, नाहीतर जाईल. महाराज त्या सभेतच होते. चाचणीला रथातही होते, कारण गादीवर ते बसल्याशिवाय पेठेत रथ हलत नाही. सभेत त्यांनी डोळे मिटून घेतले. आपल्याकडे म्हातारा गप्प बसला की त्याला ज्ञानी म्हणायची पद्धत आहे.

आता आडावर तेच चाललं होतं.

"यंत्र काय म्हणतं?" महाराजांनी विचारलं.

"बाप खोटा."

"आणि बाप?"

"काहीच बोलत नाही. मनात चोर असला की माणूस बोलत नाही."

"मी तरी कुठे बोललो…"

हेमराजने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग त्याला तिथेही वास यायला लागला. मठात आणि समितीत काहीतरी शिजतंय, मोगरी कुणाच्यातरी भाच्याला द्यायची ठरलीय, घोडासुद्धा आधीच कुणी करवतून ठेवला असेल. हे सगळं तो तोंडावर बोलला. दोरवाल्यांवर त्याचा संशय होता, समितीवर होता, बापावर होता. एका यंत्रावर तेवढा नव्हता.

महाराज ऐकत राहिले. बादली भरून वर येत होती.

"तुझ्या त्या गाठींमध्ये मी आहे का रे?"

"आहात ना. गादीवरचं वजन."

"वजन… भारी आहे का?"

"रथाच्या मानाने? नसल्यात जमा."

"मग बरंय. हा दोर धर जरा. कंबर धरलीय."

हेमराजने दोन्ही हातांनी दोर धरला. भरली बादली आडाच्या तोंडाशी लोंबत होती. तो बोलतच होता, की निर्णय आजच्या आज द्या, उद्यावर ढकलू नका, तुमची ही मौनं मला चांगली ठाऊक आहेत.

महाराज त्याच्याकडे वळले. त्यांनी उजवा हात वर केला, तळवा उघडा, रथातून करतात तसा.

हेमराजचे हात जुळले आणि कपाळाला लागले.

दोर कप्पीवरून सळसळत गेला. खाली बादली पाण्यावर आदळली.

…

दोराचं शेवटचं टोक खांबाला बांधलेलं होतं. ते ताणलं जाऊन थरथरत राहिलं. हेमराज आपल्या जुळलेल्या हातांकडे बघत होता. लहानपणी आईने लावलेली सवय. पुण्यात राहून ती सुटली, असं त्याला वाटत होतं.

"समाधी उजवीकडे," तो हळू म्हणाला. "तुम्ही उजवीकडे हात करता. त्या बाजूचे सगळे…"

"दोर सोडतात. पाया पडून झालं की पुन्हा धरतात."

"आणि डावीकडचे ओढतच राहतात."

"एरवी रथ उभा असतो."

"मैदानात तुम्ही नव्हता."

"नव्हतो."

हेमराजचा चेहरा आधी उतरला, मग तापला. "रथ थांबणार नाही, हे तुम्हाला माहीत होतं. मग हात वर का केलात?"

"तू बादली का सोडलीस?"

"हात गेले… आपोआप."

"माझाही."

"ठीक आहे. पण सभेत? माझ्या बापाला मी भर सभेत लबाड ठरवलं, तेव्हा तुम्ही समोर बसला होता. तेव्हा तोंड का नाही उघडलंत?"

"तू विचारलंस, खोटं कोण बोलतंय. खोटं कुणीच बोलत नव्हतं."

ऐकायला सुंदर उत्तर आहे. शिष्यमंडळी असली उत्तरं घरी नेऊन भिंतीला लावतात. सभेत हेच एक वाक्य बोलायला याच माणसाला काय झालं होतं, ते कुणी विचारत नाही.

हेमराजनेही पुढे विचारलं नाही. तो चप्पल शोधत होता. आत्ता घरी जातो म्हणाला, बाबांचे पाय धरतो, संध्याकाळी सभा बोलवा, सगळ्यांसमोर माझ्या तोंडाने सांगतो, मोगरी त्यांच्याच हातात द्या.

महाराजांनी दोर पुन्हा ओढायला घेतला. कप्पी करकरली.

"महाराज, ऐकताय ना? सभा बोलवा."

"देवचंद सकाळी येऊन गेला. मोगरी माझ्यापुढे ठेवली, आता या हातांनी लावणार नाही म्हणाला. मी ठेवून घेतली."